वीस लिटर सीलर आणि दोन खोल्यांचा स्लॅब

शेजाऱ्याने रोलरचा लोखंडी दांडा माझ्या थोरल्या भावाच्या डोक्यात घातला, तेव्हा सीलरच्या ड्रममध्ये पाच लिटर उरला होता आणि शेजाऱ्याच्या खोलीवरचा स्लॅब कोरडा होता.

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर त्यांची आणि आमची खोली लागून आहे. दोन्हीकडे गळत होतं. त्यांच्याकडे ते शेजाऱ्याच्या म्हाताऱ्या आईच्या खाटेवर. तिला अंथरुणातून उठता येत नव्हतं आणि वर छताचा गिलावा फुगला होता. म्हणून दोन्ही घरांनी मिळून गच्चीला गळती थांबवणारा सीलर लावायचं ठरवलं.

हिशेब भावाने केला. एकेका खोलीवर एकशे साठ चौरस फूट, मिळून तीनशे वीस. ड्रमवर लिहिलं होतं, एका कोटला लिटरमागे चाळीस फूट. म्हणजे दोन कोटना सोळा लिटर. त्याने वीसचा ड्रम आणला. पण ड्रमवरचा आकडा गुळगुळीत काँक्रीटचा होता. आमचा स्लॅब जुना, खरबरीत. आधी कोपऱ्यात लिटरभर लावून पाहिला असता तर तो किती पितो ते कळलं असतं. आमच्या खोलीवरच्या भागाने पहिल्याच कोटला दहा लिटर प्यायले. भाऊ थांबला नाही. त्याच भागावर दुसरा कोट मारला. त्यात आणखी पाच गेले.

शेजारी गोदीतली ड्यूटी संपवून वर आला आणि ड्रममध्ये डोकावला.

"तुझं दोनदा, आमचं शून्य?"

"आणू ना अजून. बोंबलतो कशाला?"

"दहा-दहा लावला असता तर दोघांचा एकेक कोट झाला असता. माझी आई आहे खाली, भिकारड्या."

"मग आईला सांग, जरा सरकून झोप—"

दांडा बसला. भावाने ड्रम उचलून त्याच्या गुडघ्यावर हाणला. उरलेला सीलर सांडला. एकमेकांचे गळे धरून दोघे त्या कोरड्या स्लॅबवर आदळले, पुन्हा आदळले. मी मध्ये पडलो, तर बरगडीत कोपर बसलं. तेवढ्यात खालून धप्प आवाज आला, मागोमाग किंकाळी.

आम्ही खाली धावलो. गिलाव्याचा परातीएवढा तुकडा खाटेवर पडला होता. म्हातारीचा खांदा फुटला होता.

"वर कोण नाचतंय रे? उरलेलं पण पाडा आता," म्हातारी ओरडली.

शेजाऱ्याने लाथ मारून आमचं दार उघडलं आणि आईसकट खाट ओढत आत आणली. रक्ताने भिजलेला टॉवेल डोक्याला धरून भावाने आमचं टेबल पायाने गॅलरीत ढकललं.

"अजून सरक," शेजारी म्हणाला.

भाऊ सरकला.