निखिलच्या डाव्या बाजूला

एकाच माणसाचा हात धरून चौदा वर्षं स्केटिंग केलं की किस्से साचणारच. तो माणूस निखिल. माझा नवरा नव्हे, हे आधीच सांगून टाकते, कारण वर्ध्यात सगळे पहिलं तेच विचारतात!

चाकांच्या स्केट्सवर, संगीताच्या तालात, दोघांनी मिळून उड्या, गिरक्या आणि लिफ्ट, म्हणजे त्याने मला उचलून फिरवायचं. आमचा खेळ एवढाच. फरशी मात्र कडक!

* * *

जोडी कशी जमली? मी बारा वर्षांची, निखिल चौदाचा. त्याच्या वडिलांचं वर्धा जिल्ह्यातल्या तळेगावात धान्याचं दुकान, तिथे कट्टे, म्हणजे पोती, उचलायची त्याला सवय. आमच्या स्केटिंगच्या सरांनी त्याला विचारलं, "उचलता येईन काय रे हिले?"

निखिलने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सर, सोयाबीनचा कट्टा हिच्याहून भारी रायते!"

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्याने खरंच उचललं.

* * *

गावात कुजबुज सुरू झाली, दुकानदाराचा पोरगा पोरीचा हात धरून नाचते म्हणून. एक दिवस त्याचे वडील प्रॅक्टिसला हजर! कोपऱ्यातल्या खुर्चीवर दोन तास बसले, चेहरा दगडासारखा. आम्ही दोघं घामाघूम. आता हा खेळ संपला, असंच मला वाटलं.

उठले, निखिलजवळ आले. "पोरीले पडू देऊ नको. पडाचंच असन, तं तू खालतं राहजो."

बस, एवढंच! नंतर गावात कोणी काही बोललं की काकाच उत्तर द्यायचे.

* * *

तरी मी एकदा पडलेच. हनुवटी फुटली. माझी आई सेवाग्रामला दवाखान्यात नर्स. टाके घालताना ती शेजारी उभी. मला वाटलं, आता स्केट्स कायमचे माळ्यावर जाणार.

तिने हळूच विचारलं, "पडली ते चढताना का उतरताना?"

"उतरताना."

"मंग लिफ्ट तं झालीच ना!"

डॉक्टरांना हसू आलं, टाके घालणारा हात थांबला.

* * *

एकदा उत्तरेत खऱ्या बर्फावर शिकायला गेलो. इकडे मे महिन्यात डांबर वितळतं, आणि तिकडे आम्ही स्वेटर घालून कुडकुडतोय! पहिल्या दिवशी निखिल अकरा वेळा पडला, मी नऊ. तिथल्या कोचने नाक वर करून विचारलं, "वर्धा में बर्फ है?"

निखिल पडल्या पडल्याच म्हणाला, "है ना सर! गन्ने के रस की गाड़ी पर!"

आठव्या दिवशी त्याच कोचने बाकीच्यांना बाजूला बसवलं आणि आमची गिरकी बघायला लावली. काय सांगू, छाती अशी फुगली!

* * *

आणि गेल्या वर्षीची राष्ट्रीय स्पर्धा. मी जमिनीलगत आडवी, निखिल माझा एक हात धरून मला गोल फिरवतोय, आणि त्याच्या उजव्या खांद्यातून कट् आवाज आला. मलाही ऐकू आला. तो पांढराफटक पडला, पण हात सोडला नाही.

मी उभी राहिले. संगीत चालूच. शेवटची लिफ्ट बाकी होती.

"खांदा गेला," तो दात आवळून म्हणाला. "लिफ्ट राहू दे."

मी वळसा घेऊन त्याच्या डाव्या बाजूला गेले. त्या बाजूने आम्ही लिफ्ट कधी केलीच नव्हती. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, गुडघे वाकवले आणि मला डाव्या खांद्यावर घेतलं. साधीच लिफ्ट, पण एक पूर्ण फेरी. मी उतरले आणि टाळ्यांच्या आवाजात संगीताचा शेवट ऐकूच आला नाही.

ब्राँझ मिळालं. जोडीतलं वर्ध्याचं पहिलं मेडल!

गळ्यातल्या झोळीत हात अडकवलेल्या निखिलला एका पत्रकाराने विचारलं, "ऐनवेळी बाजू बदलायचं तुम्ही ठरवलं कसं?"

"म्या कुठं ठरवलं? थे डावीकडं येऊन उभी राह्यली. मंग काय करता!"