भावाच्या नावाचं कार्ड

ती घटना आज इतक्या वर्षांनीही आठवते, आणि आठवली की घास गोड लागत नाही. साठ सालानंतरची गोष्ट. मी पनवेल ठाण्याचा फौजदार होतो. सकाळची हजेरी चालू असताना मुंबईहून फोन आला. तुमच्या हद्दीतला एक गिरणी कामगार विम्याच्या इस्पितळात तीन दिवसांपूर्वी क्षयाने वारला, नातेवाईक फिरकत नाहीत, वारसांना लगेच पाठवा, नाहीतर प्रेताची बेवारस म्हणून विल्हेवाट लावावी लागेल.

जमादाराला मिठागराकाठच्या त्याच्या गावी पिटाळलं. तो घाम पुसतच परत आला. "साहेब, मयत घरीच आहे. मला पाणीसुद्धा त्यानेच दिलं." मी म्हटलं, दारूबंदी आहे ना रे, कुठून लावून आलास? पण माणूस सरळ होता. तेव्हा मीच निघालो.

'मयत' अंगणात उभा होता. रजेवर आलोय म्हणाला. तुझ्या नावाने इस्पितळात कोण मेलं, असं विचारलं तर "मला नाय म्हाईत, सायब," याच्यापुढे गाडी सरकेना. दरडावलं, गोडीने विचारलं, तरी ढिम्म. अशा वेळी मी आरोपीला सोडून घरातल्या माणसांकडे वळतो. खोटं बोलणारा तयारीत असतो, बाकीचे नसतात.

त्याच्या धाकट्या भावाची बायको चहा घेऊन आली. हातात हिरव्या बांगड्या, चेहरा प्रसन्न. मी सहज विचारलं, "तुझा नवरा कुठे गं?"

"मुंबईला, दवाखान्यात. भावजींनी ठेवलंय. आता बरं हाय म्हनतात. कालच भावजींबरोबर बोंबलाचं कालवन धाडलं, त्यांना लय आवडतं."

थोरला हमसून रडायला लागला. मग सगळं बाहेर आलं.

धाकटा मिठागरात मजूर. खोकल्यातून रक्त पडायला लागलं, तेव्हा डॉक्टरने इंजेक्शनं लिहून दिली. त्यांचा भाव असा, की घर विकूनही घेता आली नसती, आणि जरा टंचाई झाली की दुकानदार आणखी चढवायचे. तीच इंजेक्शनं थोरल्याला गिरणीच्या विम्यावर फुकट. मिठागरातला मजूर त्या विम्यात बसत नव्हता. भाऊ दिसायला सारखे, म्हणून थोरल्याने आपलं कार्ड देऊन त्याला आपल्या नावाने भरती केलं. पण तोवर आजार फार पुढे गेला होता. प्रेत ताब्यात घ्यायचं तर खरं नाव सांगावं लागणार, नोकरी जाणार, तुरुंग होणार. तो भेदरून पळून आला, आणि घरी सांगायचा धीर त्याला झाला नाही; कालचा डबाही तो तसाच घेऊन निघाला होता.

दोघांना ठाण्यावर आणून मी मुंबईला फोन लावला. दुपारपर्यंत वाट पाहून त्यांनी बेवारस म्हणून अंत्यविधी उरकला होता.

तोतयेगिरीचा गुन्हा मीच नोंदवला. नोकरीत लबाड पुष्कळ पाहिले. पण एकीकडे विम्याचं कुंपण आणि दुसरीकडे औषधाचा भाव, यांच्या मध्ये अडकलेला सरळ माणूस लबाडी कशी करतो, ते या प्रकरणात कळलं. कुंपण हातभर पुढे असतं किंवा भाव आवाक्यात असता, तर त्या घरात मला जावंच लागलं नसतं. राग कुणावर काढावा, हे मला अजून उमगलेलं नाही.

जबाबावर अंगठा दिल्यावर ती बाई ठाण्याच्या पायरीवर बसून राहिली. थोरल्याला कोठडीकडे नेताना तिने एवढंच विचारलं, "भावजी, तुमी जवळ बसायचात, तवा त्यांना त्यांच्या नावानं हाक मारायचात ना?"

तो खाली बघत म्हणाला, "नाय गो. नर्स तिथंच असायची. माझ्याच नावानं हाक मारायचो. आन तो ओ द्यायचा."