हातपाय पसरून

मी आरमोरीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवतो. समुद्र मी जन्मात एकदाच पाहिला. माझ्या धाकट्या बहिणीच्या वाट्याला तेवढाही आला नाही. तरी समुद्रातल्या एका प्राण्याचं नाव आमच्याकडे रोज चहाबरोबर निघायचं.

बहिणीला सिकलसेल होता, रक्ताचा जन्मजात आजार. थंडी पडली की तिची हाडं ठणकायची, खुबा तर सगळ्यात जास्त. मग ती गुडघे पोटाशी घेऊन, मुठी आवळून बाजेच्या कोपऱ्यात पडून राहायची. आई वाळू गरम करून शेक द्यायची. दुखणं ओसरलं की मात्र पोरगी हातपाय चहूकडे फेकून अख्खी बाज अडवायची. कसं वाटतं म्हणून तिला विचारावं लागत नसे. तिची झोप पाहिली की घराला कळायचं.

एकदा मी तिला सांगितलं, असं झोपणाऱ्याला इंग्रज लोक स्टारफिश, म्हणजे तारामासा, म्हणतात. पोहायला शिकणाऱ्या पोरांनाही पाण्यावर तसंच पसरायला सांगतात. बरं, तो मासा नाहीच. नाव चुकीचं आहे म्हणून शास्त्रज्ञ कानीकपाळी ओरडतात, पण बोलणारे कशाला ऐकतात! तिने मोबाइलवर त्याचे फोटो शोधले. तुटलेला हात त्याला पुन्हा फुटतो हे तिने मोठ्यांदा वाचून दाखवलं.

"मले नवा खुबा भेटला असता तरी चाललं असतं," ती म्हणाली.

तेव्हापासून बरी रात्र म्हणजे स्टारफिश. आईच्या तोंडी त्याचा इस्टारफिश झाला.

गेल्या धानकापणीत दुखणं असं बसलं की उठेचना. दवाखान्यातून घरी आणलं तरी ती मुटकुळं करूनच झोपायची. मग एका सकाळी आई तिच्या दारातून डोकावून आली. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता.

"इस्टारफिश," ती हळूच म्हणाली. "उठवू नको तिले."

मीही दारातूनच पाहिलं. रजई खाली पडलेली, हात दोन्हीकडे, एक पाय बाजेबाहेर. आम्ही पाय न वाजवता वावरलो. आईने मिक्सर लावला नाही. गप्पा मारायला आलेल्या शेजारणीला तिने अंगणातूनच परत पाठवलं. मी शीळ घालत कॉलेजात गेलो आणि त्या दिवशी फार छान शिकवलं.

दुपारी आई ताट घेऊन तिच्याकडे गेली. मला फोन शेजारणीने केला.

डॉक्टर म्हणाले, पहाटेच गेली असेल. म्हणजे सकाळभर आम्ही आनंदात होतो. त्या आनंदाचा मला आजही संताप येतो, आणि तो कुणावर काढावा हे कळत नाही.

संध्याकाळी विहारातली मंडळी जमली. तिचं अंग ताठलं होतं, तिरडीवर मावत नव्हतं. दोघांनी तिचे हात धरून जवळ आणायला सुरुवात केली. तोवर आई रडली नव्हती. ती उठली आणि त्यातल्या एकाचं मनगट तिने धरलं.

"हळू करा जी," ती म्हणाली. "तिले बहुत दुखते."