दादा बेहेऱ्यांची आंब्याची कंपनी

कोणी काम करताना दिसलं की दादा बेहेरे त्याच्या मागे जाऊन उभे राहायचे आणि विचारायचे, “तुमच्यानंतर कोणाची एन्ट्री?” माणूस दचकायचा. बंदरावरचा हमाल असो, करंड्या विणणारा म्हातारा असो की कचेरीत पत्रं लिहीत बसलेला मी असो, प्रश्न हाच. “माझ्यानंतर? कोणाचीच नाही,” असं कोणी म्हटलं की दादांचा चेहरा पडायचा. “असं कसं? तुम्ही एकटेच येऊन गाणं म्हणून जाता? मग पडदा कोण पाडतो?”

आंबा संघात चिटणिसाची जागा आहे असं कळलं, म्हणून मी त्यांना पहिल्यांदा भेटलो. मी पालीकडच्या कुळवाड्याचा मुलगा. आमच्या घरात अंगठ्याऐवजी सही करणारा पहिला मी, आणि बी. ए. झालेलाही पहिला मीच. हे सांगताना मी आवाज कधी खाली केला नाही, आताही करणार नाही. प्रमाणपत्र मी दादांपुढे ठेवलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी उचललं, नीट वाचलं आणि विचारलं, “कोल्हापुरात राहायला कुठे होतात?”

“बोर्डिंगात.”

“तिथे स्वयंपाक कोण करायचा?”

“सखाराम म्हणून एक होता. त्याची आमटी फार तिखट.”

“नाव लक्षात आहे!” दादांनी टेबलावर थाप मारली. “मग तुम्ही आमच्या कामाचे. प्रमाणपत्र घरी भिंतीवर लावा, वडिलांना दिसेल अशा जागी. उद्यापासून या.”

दादा मूळचे रत्नागिरीचेच, पण उमेदीची सगळी वर्षं एका संगीत नाटक मंडळीचे मॅनेजर म्हणून देशावर आणि वऱ्हाडात फिरलेले. उंच, किंचित वाकलेले, मखमली कॉलरचा जुना कोट उन्हाळ्यातही अंगावर. आवाज असा, की मांडवात बोलले तर बंदरावर ऐकू यावं. बोलपट आले, नाटकगृहांची सिनेमागृहं झाली आणि त्यांची मंडळी मोडली. मग ते गावी परतले आणि आंबा संघाचे मॅनेजर झाले. लोक हळहळत म्हणायचे, “बोलपटानं तुमचा घात केला, दादा.” दादा ताडकन उत्तर द्यायचे. “खोटं! आमच्या नायकाचं शिंप्याशी पटत नव्हतं, शिंप्याचं पेटीवाल्याशी पटत नव्हतं, आणि मी मॅनेजर म्हणून पुढच्या रांगेत कोण बसलंय तेवढंच बघत होतो. आतून कंपनी कधीच मोडली होती. बोलपट आला तेव्हा नुसता धक्का लागला.”

आंबा संघाची अवस्था तेव्हा काही वेगळी नव्हती. मालगुंडापासून पालीपर्यंतच्या बागाईतदारांनी एकत्र येऊन दलालाच्या मध्यस्थीशिवाय मुंबईला आंबा पाठवायचं ठरवलं होतं. कल्पना उत्तम, पण करंड्या मुंबईत उघडल्या की निम्मा आंबा काळा पडलेला. मग सुरू व्हायचा तो तंटा. बागाईतदार म्हणायचे, बागांजवळच्या मांडवात बाया भरतात ते वाईट. बाया म्हणायच्या, झाडावरून काढणारे गडी आडदांड. गडी गाडीवानांना शिव्या द्यायचे आणि गाडीवान पडाववाल्यांना. रत्नागिरीला आगबोट धक्क्याला लागत नसे, खोल पाण्यात उभी राही. तिथवर माल पडावातून न्यावा लागे. त्यामुळे शिव्या शेवटी समुद्रावर पोचायच्या आणि तिथे उत्तर द्यायला कोणी नसायचं.

आमचे अध्यक्ष काकासाहेब वकील. सर्वांत मोठी बाग त्यांची. माणूस खडूस, पण लबाड नव्हे. त्यांनी दादांना स्वच्छ सांगितलं, “बेहेरे, या बायांना काढा. मुंबईचा एक कंत्राटदार आपली माणसं घेऊन यायला तयार आहे. मांडव त्याच्या ताब्यात देऊन टाकू. नाहीतर पुढच्या हंगामाला संघच उरणार नाही.”

“काढतो की,” दादा म्हणाले. “पण नाटक पडलं तर आधी तालीम घ्यावी, मग माणूस काढावा. मला एक तालीम घेऊ द्या. तुमच्याच बागेत.”

तालमीला त्यांनी सगळ्यांना बोलावलं. आंबे काढणारा गडी धोंडू, मांडवातल्या बायांची म्होरकी भागीबाय, सोनू गाडीवान आणि पडावाचा तांडेल इस्माईलभाई. वर्षानुवर्षं एकाच आंब्याला हात लावणारी ही माणसं, पण झाडाखाली अशी एकत्र कधी उभी राहिलेली नव्हती. एकमेकांकडे न बघता उभी होती. काकासाहेब खुर्ची टाकून बसले.

“करंडी भरून आगबोटीवर चढेपर्यंत कोणी कोणाला सोडायचं नाही,” दादांनी सांगितलं. “जो तो आपलं काम नेहमीसारखं करील. बाकीच्यांनी बघायचं. हं, धोंडू, तुझी एन्ट्री!”

धोंडूने झेल्याच्या, म्हणजे काठीला लावलेल्या जाळीत आंबा अलगद उतरवला आणि टोपलीत ठेवण्याआधी देठ मुळापासून मोडून टाकला. चीक फळावरून ओघळला.

“देठ का रे मोडलास?” दादांनी विचारलं.

“बायांच्या हातांना टोचतो म्हनून. मागं भागीबाय वरडलेली.”

भागीबाय फणकारली. “मी वरडले ती हातभर डहाळ्या ठेवायचास म्हनून! मेल्या, चीक सोड असा कोनी सांगितला तुला? तुझ्या चिकानं आंबा आंब्याला चिकटतो, म्हनून तर आमी करंडीत पेंढा ठासून भरतो. बोट जायला जागा ठेवत नाय.”

“ठासून भरता?” सोनू पुढे आला. “तरीच करंडी तव्यावानी तापते! मी आपला वाटेत हिरीवर गाडी थांबवतो आनि एकेका करंडीवर कळशी वततो. बैलांना मागनं, आंब्याला आधी पानी. इचारा कोनाला पन!” हे सांगताना त्याची मान ताठ झाली होती.

इस्माईलभाईने कपाळावर हात मारला. “या अल्ला! ओली करंडी तू देतोस होय! मी समजत होतो लाटांचा पाणी उडतो. म्हणून मी वरून जुना शीड घालून गच्च आवळतो. वारा शिरायला फट ठेवत नाय.”

मग भागीबाय तोंडाला पदर लावून हसायला लागली. “आवं, चौघांनी मिळून आंब्याला न्हानीत कोंडला की! आंघोळ घातली, गोधडीत गुंडाळला आनि वरनं दार लावून घेतला. कुजंल नायतर काय व्हील?”

धोंडू हसला, सोनू हसला, इस्माईलभाई तर खाली बसून हसला. दादा मात्र काकासाहेबांकडे वळले. “बघितलंत? या नाटकात खलनायकच नाही. चौघंही आंब्यावर माया करणारे. प्रत्येकानं आपला प्रवेश उत्तम वठवला, आणि नाटक पडलं. आता यातला कोण काढू, सांगा.”

काकासाहेब खुर्चीवरून उठले. पण दादांची तालीम संपली नव्हती. भरलेली करंडी घेऊन आम्ही सगळे गाडीमागून बंदरावर गेलो आणि तिथे भर उन्हात ताटकळत उभे राहिलो, कारण आगबोट यायला अवकाश होता. “बोट कधी येणार हे तुला ठाऊक नव्हतं?” दादांनी सोनूला विचारलं. “आमाला कोन सांगतो, दादा? वेळ कचेरीत असते,” सोनू म्हणाला. दादांनी माझ्याकडे पाहिलं. “ऐका, चिटणीस! एन्ट्रीची वेळ नटालाच ठाऊक नाही!” त्याच दिवशी मी मांडवाच्या खांबाला फळा ठोकला. बोटीची वेळ मोठ्या अक्षरांत लिहायचो आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचो. बी. ए.चा असा उपयोग कॉलेजात कोणी सांगितला नव्हता, पण मला तो आवडला.

पुढच्या दिवसांत त्या चौघांनी आपसांतच सगळं ठरवलं. देठ बोटभर ठेवायचा. पेंढा कोरडा आणि हलका भरायचा. पाणी बैलांनाच पाजायचं, गाडी उन्हाआधी हाकायची. पडावात शिडाऐवजी माडाच्या झावळ्यांचे झाप घालायचे, म्हणजे सावलीही मिळेल आणि वाराही खेळेल. दादांनी यातलं एकही सुचवलं नाही. ते नुसते फिरत होते आणि एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानावर घालत होते.

तरी काकासाहेबांनी कमिटीच्या बैठकीत कंत्राटदाराचा ठराव वार्षिक सभेपुढे ठेवायचं ठरवलंच. “झाडाखालची मौज वेगळी आणि मुंबईचा बाजार वेगळा,” ते म्हणाले. त्यांच्या बाजूने बरेच सभासद होते. ठराव मंजूर झाला असता तर मांडवातल्या साऱ्या बाया घरी बसल्या असत्या.

तेव्हा दादांनी पैज लावली. “काकासाहेब, करंडी तुमच्या बागेतली, भरणार भागीबाय. वरून गोणपाट शिवून लाखेची मोहर तुम्ही मारा. करंडी मुंबईला जाईल आणि न उघडता उलट बोटीनं परत येईल. दोनदा समुद्र, दोनदा पडाव. भर सभेत तुम्हीच फोडा. आंबा नासलेला निघाला तर ठराव मी मांडतो आणि मांडवाला कुलूपही मीच लावतो.”

बाहेर आल्यावर मी दादांवर भडकलो. “तुमचं काय जातं, दादा? तुम्ही ट्रंक उचलाल आणि दुसरी कंपनी शोधाल. भागीबायनं कुठे जायचं?”

“म्हणूनच आधी तिला विचारून आलो,” दादा शांतपणे म्हणाले. “ती काय म्हणाली सांगू? ‘लावा पैज. रोज उठून आज काढतात का उद्या काढतात, असला जगना नको.’ चिटणीस, दुसऱ्याचा जीव टांगायचा तर त्याची परवानगी घेऊन टांगावा.”

सभेच्या दिवशी समुद्र खवळला होता. पावसाळ्यापूर्वीच्या शेवटच्या बोटींपैकी ही एक. शाळेच्या सभागृहात सभासद जमले, मागचा अहवाल वाचून झाला, बोटीचा पत्ता नाही. काकासाहेबांनी दोनदा घड्याळ काढून पाहिलं. “बेहेरे, ठराव मताला टाकू?” दादा म्हणाले, “अजून थोडं. मुख्य पात्र यायचं आहे.” आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता, पण कोटाचं बटण त्यांनी इतक्या वेळा पिळलं की ते तुटून हातात आलं.

मग बाहेर गलका झाला. ओलाचिंब इस्माईलभाई करंडी डोक्यावर घेऊन दारात उभा. मागे सोनू, धोंडू आणि भागीबाय, आणि तिच्यामागे मांडवातल्या सगळ्या बाया. सभागृहात या माणसांनी कधी पाय ठेवला नव्हता. दारातच सगळी थबकली. “या, या, आत या!” दादा गरजले. “तुमची करंडी आहे.”

काकासाहेबांनी मोहर तपासली, ती अभंग होती. त्यांनी गोणपाट कापला आणि पेंढा बाजूला सारला. आंबा दिसण्याआधी वास आला. शेवटच्या बाकापर्यंत माना उंचावल्या. काकासाहेबांनी वरचा आंबा घेतला, फिरवून पाहिला, खाली ठेवला. मग वकिलाच्या खाक्याने हात थेट तळाशी घातला. पिवळाधमक, घट्ट, देठाशी केशरी. दुसरा तसाच. तिसरा तसाच. टेबल भरत गेलं. शेवटी एका आंब्यावर काळा डाग निघाला. काकासाहेबांनी तो वर धरला.

“तो माझा!” दादांनी आंबा काकासाहेबांच्या हातातून घेतला, सर्वांदेखत चोखायला सुरुवात केली आणि मिटक्या मारत म्हणाले, “आत साखर आहे, काकासाहेब. वकिलांसारखं आहे फळ, वरून तेवढं काळं.”

सभागृहात हशा उसळला. काकासाहेबांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. ते उभे राहिले आणि म्हणाले, “ठराव मी मागे घेतो. आणि ही करंडी ज्यांनी आणली त्यांचं या सभेतर्फे अभिनंदन करतो.” टाळ्यांचा असा कडकडाट मी कॉलेजच्या पदवीदानातही ऐकला नव्हता.

कोणीतरी दादांच्या गळ्यात हार घालायला पुढे आलं. दादांनी तो हातानेच अडवला. “हार नको, ठराव द्या. बाग असेल तोच सभासद, असा आपला नियम. ज्याचा हात आंब्याला लागतो तोही सभासद, असा नवा नियम करा, आणि या चौघांना कमिटीत घ्या.”

“हे कायद्यात बसेल का?” काकासाहेबांनी विचारलं.

“बसवून आणलंय,” मी म्हणालो आणि दुरुस्तीचा मसुदा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो ओळ न् ओळ वाचला, एक शब्द बदलला नाही आणि मताला टाकला. हात वर झाले ते बघून भागीबायने मला हळूच विचारलं, “आता आमी पन हात वर करायचा?” म्हटलं, “पुढच्या खेपेपासून. वाट्टेल तेवढा.”

टेबलावरचे आंबे मग सगळ्यांनी वाटून खाल्ले. बागाईतदार, बाया, गाडीवान, तांडेल, सगळे एकाच सभागृहात कोपरापर्यंत रस ओघळत उभे. त्या काळच्या रत्नागिरीत हे दृश्य काही लहानसहान नव्हतं.

पुढचे हंगाम भरभराटीचे गेले. दादा असेपर्यंत आमच्या आंब्याबद्दल मुंबईहून पुन्हा तक्रार आली नाही. एकदा हंगामाच्या तोंडावर कमिटीची सभा होती आणि दादांना घरून निघायला उशीर झाला. मी त्यांना आणायला गेलो होतो. आम्ही पोचलो तेव्हा आत वादावादी ऐन रंगात आली होती. नव्या झापांवरून भागीबाय काकासाहेबांना काहीतरी ठणकावून सांगत होती, काकासाहेब मान डोलावत होते आणि सोनू मध्येच इस्माईलभाईला कोपरखळी मारत होता. दादा दारातच थांबले. मी आत जायला निघालो तर त्यांनी माझा हात धरला. बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले. मग पाय न वाजवता मागे फिरले.

“दादा, आत नाही जायचं?” मी विचारलं.

“कशाला? कोणी माझी वाट बघत नाहीये.” त्यांचे डोळे चमकत होते. एवढा आनंदी चेहरा मी त्या भर सभेतही पाहिला नव्हता. “चिटणीस, चला बाजारात. आज माझ्यातर्फे पेढे.”

त्याच पावसाळ्यापूर्वी त्यांनी राजीनामा दिला आणि एका जुन्या सोबत्याची मोडकळीला आलेली मंडळी उभी करायला ते मुंबईला निघून गेले. आगबोटीपर्यंत त्यांना पोचवायला इस्माईलभाईचा पडाव गेला. आम्ही सगळे त्यात दाटीवाटीने बसलो होतो, काकासाहेबसुद्धा.