माझ्या नावावर त्यांची जाहिरात

जालना रोडवरच्या एका मोठ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी बरीच वर्षं बायकांना कार शिकवत होते. शिकवणारी बाई तिथं मी एकटीच. एकदा सरांनी, म्हणजे मालकांनी, दारावर नवा फ्लेक्स लावला. सगळ्या शिकवणाऱ्यांचे फोटो आणि खाली पूर्ण नावं. माझ्या फोटोखाली मात्र नुसतं पहिलं नाव. मी विचारलं तर म्हणाले, "मॅडम, जागा पुरली नाही." माझ्या शेजारच्या फोटोखालचं आडनाव माझ्यापेक्षा चांगलं लांबलचक होतं. ते व्यवस्थित मावलं होतं.

आमचं आडनाव असं आहे की मराठवाड्यात ते ऐकल्यावर माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही. आम्ही बौद्ध. वडील कन्नडला साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचे. हंगाम संपला की कारखान्याच्या रिकाम्या आवारात त्यांनी मला स्टिअरिंग धरायला शिकवलं. माझे पाय क्लचपर्यंत पुरत नव्हते तेव्हापासून. आडनाव सांगताना त्यांनी कधी आवाज खाली केला नाही. मी त्या महिनाअखेरीला नोकरी सोडली.

मुकुंदवाडी स्टेशनच्या बाजूला एक गाळा घेतला. एक जुनी छोटी कार घेतली आणि शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक-क्लच बसवून घेतले. बोर्डावर माझं नाव, आडनाव, आणि खाली 'फक्त महिलांसाठी कार क्लास'. अक्षरं मुद्दाम मोठी करून घेतली.

बोर्ड झकास होता. बाया येत नव्हत्या. गुलमंडीत साड्यांच्या दुकानांबाहेर उभी राहून पत्रकं वाटली, तर अर्ध्या जणींनी त्यावर हात पुसले. माझा नवरा शेंद्र्याला कंपनीत आहे. तो एका रविवारी म्हणाला, "अगं, आता कोण पत्रक वाचतं? सगळे मोबाईलमध्ये शोधतात. तिथं आपण नाही, म्हणजे आपण नाहीच."

म्हणून मी उस्मानपुऱ्यातल्या एका डिजिटल मार्केटिंगच्या ऑफिसात गेले. तिथला मालक गोड बोलणारा होता. त्यानं मला समजावलं. आपण मोबाईलवर काही शोधलं की सगळ्यात वर 'प्रायोजित' म्हणून ओळी येतात, त्या पैसे देऊन लावलेल्या असतात. लोकांनी कोणते शब्द टाकल्यावर आपली ओळ दिसावी, ते आपण ठरवायचं. कुणी त्या ओळीवर बोट टेकवलं की आपल्या खात्यातून पैसे गेले. मग तो शिकायला येवो न येवो.

"आणि मॅडम, नाव बदलू या," तो म्हणाला. "काहीतरी इंग्लिश. 'क्वीन' वगैरे असलेलं."

"का बरं? माझं नाव आहे की."

"पहिलं नाव छान आहे. आडनाव जरा... म्हणजे ब्रँडिंगला..."

"जागा पुरत नाही का?"

त्याला काही कळलं नाही. मी म्हटलं, "आडनाव राहील. पुढचं सांगा."

वेबसाईट झाली. पहिल्या पानावर काळा गॉगल लावलेली, केस उडवणारी एक गोरीपान मुलगी स्टिअरिंगवर बसवली होती. ती गाडी तर आपल्याकडच्यासारखीही नव्हती, स्टिअरिंग डाव्या बाजूला. मी म्हटलं, ही काढा, माझा फोटो लावा. तो म्हणाला, "मॅडम, दिसायला पण पाहिजे ना काहीतरी." मी माझा फोटो त्याच्या मोबाईलवर पाठवला. संध्याकाळपर्यंत फोटो बदलला. सावळी, जाड भिंगाचा चष्मा, ओढणी कमरेला खोचलेली, एक हात गाडीच्या टपावर. मी आहे तशी.

जाहिरात सुरू झाली आणि फोन वाजायला लागला. मी खूश होऊन उचलायची, आणि पलीकडून कुणीतरी विचारायचं, "ड्रायव्हर पाहिजे का? लायसन आहे, हेवीचं." दुसरा विचारायचा, टेस्ट न देता लायसन मिळेल का. कुणाच्या पोरानं गाडीचा गेम शोधताना चुकून नंबर दाबलेला. आणि काही बाप्ये निव्वळ माझा आवाज ऐकायला फोन करायचे. "मॅडम, तुम्ही स्वतः शिकवता? आम्हाला पण शिकवा की." त्यातल्या एकाला मी म्हटलं, "पत्ता सांग, आत्ता येते शिकवायला, तुझ्या आईसमोर." त्यानं फोन ठेवला. खात्यातले पैसे मात्र त्याच्याही बोटानं गेलेलेच.

मी एजन्सीत गेले. म्हटलं, "लोक नेमकं काय टाईप करून माझ्यापर्यंत येतात, ते मला दाखवा."

"ते टेक्निकल असतं, मॅडम. तुम्ही कशाला त्रास घेता?"

"पैसे माझे जातात ना? मग त्रास मीच घेते."

त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. त्यानं नाइलाजानं पान उघडलं. 'ड्रायव्हिंग' शब्द कुठंही दिसला की माझी जाहिरात जात होती. नोकरी, गेम, ट्रकचं लायसन, सगळीकडं. मी विचारलं, हे शब्द नको म्हणून सांगता येत नाही का? म्हणाला, येतं, पण वेळ लागतो. मग मला जाहिरातीच्या खात्याचा पासवर्ड द्या, म्हटलं. तर म्हणे खातं एजन्सीचं असतं. "कार्ड माझं, फोन माझा, फोटो माझा, आणि खातं तुमचं?" मी तिथून उठलेच नाही. डबा बरोबर होता, तो त्याच्याच टेबलावर उघडून खाल्ला. मेथीच्या भाजीचा वास त्याच्या एसीत भरून राहिला. ऑफिस बंद व्हायच्या आत पासवर्ड माझ्या मोबाईलवर आला.

मग मी शिकले. दोन विद्यार्थिनींच्या मधल्या वेळेत, गाडी लिंबाच्या सावलीला लावून, मोबाईलवर व्हिडिओ बघत. पहिल्याच आठवड्यात माती खाल्ली. ठिकाणाची खूण चुकीच्या जागी केली, आणि माझी जाहिरात पुण्या-मुंबईच्या बायकांना दिसत राहिली. कोथरूडच्या एका बाईंनी अगदी अगत्यानं फोन केला. मुकुंदवाडी नक्की कुठं येते, विचारत होत्या. नवरा हसून हसून लोळला. मी पण हसले, आणि दुसऱ्या दिवशी ते दुरुस्त केलं.

आता शब्दांचा विचार करायला लागले. 'बेस्ट ड्रायव्हिंग स्कूल' असं माझ्याकडे येणारी कुठली बाई शोधणार? मला आठवलं, पहिल्या दिवशी सीटवर बसताना बाया काय म्हणतात. "मला जमंल का?" "वय झालंय माझं, चालंल ना?" "कुणी हसणार नाय ना?" मग मी तेच शब्द घेतले. गाडी शिकायची भीती. चाळिशीत गाडी शिकता येते का. बायकांना शिकवणारी बाई. आमच्या शहराचं नाव बदललंय, लोक जुनंही लिहितात, नवंही लिहितात. मी दोन्ही ठेवली. त्यावर ज्याला भांडायचं त्यानं चौकात भांडावं, मला दोन्हीकडच्या बाया पाहिजे होत्या. जाहिरात दुपारच्या वेळेला जास्त दिसेल असं केलं, घरातली माणसं बाहेर गेल्यावर. आणि ओळ लिहिली: 'गाडी शिकायची, पण भीती वाटते? बाईच शिकवते. हसणार कुणी नाही.'

एजन्सीवाल्यानं ती बघून मेसेज केला, 'मॅडम, ही जाहिरातीची भाषा नाही.' तेव्हा मी गाडीत होते, एका बँकेतल्या बाईंना रिव्हर्स शिकवत होते. त्या हीच ओळ वाचून आल्या होत्या.

हळूहळू गाडी रिकामी राहीनाशी झाली. बाया एकमेकींना माझं नाव सांगायला लागल्या आणि ऐकणाऱ्या मोबाईलवर माझं नाव टाकून बघायला लागल्या. तिथंच घोळ झाला.

एक दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक शिक्षिका आल्या. माहेर-सासर दोन्ही कन्नडकडचं, मोठ्या शेतीवाल्या घरातल्या. खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, मी तुमच्याच क्लासला पैसे भरले होते हो. पण तिथं बाप्ये शिकवतात."

"माझा क्लास हा एवढाच आहे, बाई. कुठं भरले?"

त्यांनी मोबाईल पुढं केला. माझं पूर्ण नाव टाकलेलं, आणि सगळ्यात वरच्या ओळीत, ठळक अक्षरांत, माझंच नाव. पुढं लिहिलेलं, 'आता नव्या जागेत, जालना रोड'. बोट टेकवलं की माझ्या जुन्या सरांची वेबसाईट उघडत होती.

"मी तिथं विचारलं सुद्धा," त्या सांगत होत्या. "तर म्हणाले, त्या मॅडम आमच्याकडंच होत्या, एकच आहे सगळं. मग एकानं शिकवायला घेतलं. गाडी बंद पडली की तो खो खो हसायचा. चौथ्यांदा हसला तेव्हा मी चौकातच उतरले आणि रिक्षा केली."

माझी कानशिलं तापली. ज्या आडनावाला फ्लेक्सवर जागा नव्हती, त्याच्यावर तो माणूस पैसे देऊन गिऱ्हाईक ओढत होता.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "आपण पण त्यांच्या नावावर लावू. होऊन जाऊ दे." करता आलं असतं, दहा मिनिटांचं काम. पण मी म्हटलं, "अहो, माझ्या पैशानं मी त्यांचं नाव कशाला मिरवू?"

दुसऱ्या दिवशी जालना रोडला गेले. बाहेरच्या बाकांवर प्रवेश घ्यायला आलेले लोक बसले होते. सर काचेच्या केबिनमध्ये. मी आत गेले, दार उघडंच ठेवलं.

"या मॅडम, या. चहा सांगू?"

"चहा नको. माझं नाव काढा तुमच्या जाहिरातीतून."

ते खुर्चीत मागं रेलले. "धंदा आहे, मॅडम. टेन्शन कशाला घेता? नाव काय कुणाच्या मालकीचं असतं का?"

"त्या नावाला तुमच्याकडे जागा पुरत नव्हती."

ते जरा चमकले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांगू का, राग मानू नका. त्या नावावर कोण येणार? तुम्हाला माहिताय लोक कसे आहेत ते."

मी आवाज खाली आणला नाही. "कुणी येत नसेल, तर तुम्ही रोज पैसे भरून ते नाव विकत कशाला घेता?"

बाहेर बाकावर कुणीतरी हसलं. सर दार लावायला उठले. मी आधीच बाहेर पडले होते. जाता जाता बाकावरच्या दोन बायांना सांगितलं, "माझ्या नावानं आल्या असाल, तर मी इथं नाही. मुकुंदवाडीला आहे."

त्यातली एक माझ्या मागोमाग जिना उतरली.

पण बोलून जाहिरात उतरत नाही. मी ऑनलाईन तक्रार केली. उत्तर आलं, नावाची कायदेशीर नोंदणी आहे का? नव्हती. मग त्या नोंदणीच्या मागे लागले. तिला वेळ लागणार होता. तोवर मी आयुष्यात कधी केलं नसेल असं काम केलं. स्वतःच्याच नावासाठी पैसे भरले. म्हणजे माझं नाव कुणी शोधलं तर मी सापडावी, याचे पैसे. फार कडू लागलं. कीबोर्डवर आपलं आडनाव टाईप करायचं, त्याची बोली लावायची, आणि समोरच्यानं वाढवली की आपण वाढवायची. पण सोडणार नव्हते. ओळ लिहिली: 'मीच ती. नवी जागा नाही, दुसरी शाखा नाही. मुकुंदवाडी स्टेशनजवळ. फोन मीच उचलते.'

शिक्षिका बाईंनी शिकायला सुरुवात केली. एकदा कामगार चौकाच्या सिग्नलला थांबलो असताना म्हणाल्या, "घरात दिरांनी विचारलं, कुणाकडं शिकती वहिनी? मी तुमचं नाव सांगितलं. तर म्हणाले, दुसरं कुणी नाय का?"

सिग्नल लाल होता. मी विचारलं, "मग?"

"मग काय! मी म्हणलं, दुसऱ्याकडं जाऊन आले, तो हसत होता. भावजी, तुम्ही शिकवता का?" हिरवा झाला. त्यांनी क्लच सोडला आणि गाडी जराही न हिसकता पुढं गेली. मी म्हटलं, "दुसरा गिअर."

लायसन मिळाल्यावर त्यांनी माझ्या क्लासच्या पानावर स्वतःहून अभिप्राय लिहिला. शाळेत शुद्धलेखन शिकवणाऱ्या बाईंनी मुद्दाम घरच्या बोलीत लिहिलं: 'लई धीर देतात. गाडी बंद पडली तर म्हणतात, पडू दे, तिला पण दम खाऊ दे.' खाली स्वतःचं पूर्ण नाव, आडनावासकट. त्यांच्या ओळखीच्या पाच-सहा शिक्षिका त्यानंतर आल्या. काहींनी आडनावावरून मला आडवळणानं विचारलं, मी सरळ उत्तर दिलं. एक जण परत आली नाही. बाकीच्या आल्या.

नोंदणीचा कागद हातात आला तेव्हा मी पुन्हा तक्रार केली. माझं नाव सरांच्या जाहिरातीतून उतरलं. मात्र माझं नाव शोधणाऱ्यांना त्यांची जाहिरात दाखवायची त्यांना अजूनही मुभा आहे. नियमच तसा आहे. अजूनही कधी कधी माझ्या नावाखाली त्यांची ओळ दिसते. दिसू दे. तिकडं जाऊन वैतागलेल्या बाया मला फोन करतात.

मध्यंतरी सरांचाच फोन आला. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, वेबसाईटसकट क्लास आम्हाला देता का? नाव तुमचंच ठेवू. पूर्ण."

मी म्हटलं, "नाही, सर."

"विचार करा."

"केला," म्हटलं, आणि फोन ठेवला. गाळ्याबाहेर दुसरी गाडी उभी होती, नवीनच घेतलेली. माझ्याकडे आता आणखी एक बाई शिकवते, मिसारवाडीची, आधी रिक्षा चालवायची. ती एका आजींना सीट पुढं कशी ओढायची ते दाखवत होती. आजींचे पाय पुरत नव्हते. मी आतून उशी आणली आणि आजींच्या पाठीशी लावली.