जानकीमावशींच्या पापलेटांवर फिनाईल

मंडळी, आज संताप आवरत नाही, म्हणून वस्तीच्या फळ्यावर लिहितोय.

दापोडीत रस्त्याकडेला मासळी विकणाऱ्या जानकीमावशी आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या. पहाटे मुंबईच्या बंदरात होड्या लागतात, लिलाव होतो. तिथं बड्या व्यापाऱ्यांशी भांडून मावशी पाटी भरतात आणि बर्फ घालून आगगाडीनं इथवर आणतात.

आज दुपारी कारखान्यातली पाळी सुटल्यावर पाहतो तर काय, बाजाराच्या ठेकेदाराचा माणूस त्यांच्या भरल्या पाटीत फिनाईल ओतत होता! पापलेटांवर ते दुधासारखं पसरलं.

"अहो, हे काय करताय?" मी ओरडलो.

"समोरच्या बंगल्यातल्या साहेबांना वास येतो," तो म्हणाला.

मावशींनी पाटी आपल्याकडे ओढली. "वास येतो तर मला उठवायचं. मासली कशाला नासवलीस रं?"

पाळीवरून आलेले आम्ही चौघं त्या माणसाला धरून ठेकेदाराकडे घेऊन गेलो. ठेकेदार पान चघळत म्हणाला, "उद्यापासनं ती बाई हितं बसायची न्हाई."

स्वराज्य काय फक्त बंगल्यांत आलं?

उद्या मावशी येणार आहेत आणि त्याच जागी बसणार आहेत. मी त्यांच्या शेजारी बसेन. तुमच्यापैकी कोण येणार?