सी-ओ-एन नावाची फाइल

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका रंगांच्या कारखान्यात टायपिस्ट होते. ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला, तो मला शिकवला आमच्या सीनियर ऑपरेटरने. पालघरहून आम्ही एकाच एसटीने यायचो. मी त्याला दादा म्हणायचे. फाइलचं नाव आठ अक्षरांच्या वर जाता कामा नये, मध्ये जागा सोडायची नाही, हे सगळं त्याने न कंटाळता शिकवलं. त्याने सांगितलेलं मी कधी तपासून पाहिलं नाही.

पॅकिंगला कुंभवलीच्या बायका होत्या, ठेकेदारामार्फत लागलेल्या. वर्षानुवर्षं त्याच टेबलांवर राबूनही कागदोपत्री त्या कारखान्याच्या नव्हत्याच. कायम करा म्हणून त्यांनी अर्ज दिला, पालघरच्या एका वकिलांनी बाजू घेतली, आणि कोण किती दिवस कामावर होतं याची यादी द्यायला कंपनी कबूल झाली. ठेकेदाराची हजेरीपुस्तकं माझ्या टेबलावर आली. टाइप करायला तीन आठवडे गेले. बायकांतली सगळ्यात जुनी मावशी जेवणाच्या सुट्टीत खिडकीशी यायची.

"माझं नाव घातलंस ना?"

"घातलं, मावशी."

"मंग झालं. तू हायस तर आमाला काळजी नाय."

यादी पूर्ण झाली, पुस्तकं ठेकेदाराने परत नेली. प्रिंटर बिघडलेला, म्हणून वकिलांना फ्लॉपी द्यायचं ठरलं. दादा माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"फ्लॉपीवर सी-ओ-एन नाव दे. कॉन्ट्रॅक्टच्या बायका, म्हणून कॉन."

मी तसं टाइप केलं. एकेक नाव स्क्रीनवरून वर सरकत गेलं आणि शेवटी, एक फाइल कॉपी झाली, असा मेसेज आला. मला वाटलं, नावं फ्लॉपीवर उतरताना दिसतायत.

"आता मशीनवरची फाइल पुसून टाक, जागा भरत आलीय," तो म्हणाला. तीही मीच पुसली.

वकिलांकडे फ्लॉपी रिकामी निघाली. "फ्लॉप्या खराब निघतात कधीकधी," दादा म्हणाला, आणि मी मानलं. चार दिवसांनी सहज म्हणून कॉम्प्युटरबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक कपाटातून काढलं. काही नावं मशीनने स्वतःसाठी राखून ठेवलेली असतात, असं त्यात होतं. सी-ओ-एन म्हणजे कीबोर्ड आणि स्क्रीन. त्या नावाने कॉपी केलेलं नुसतं स्क्रीनवर दिसतं, कुठे साठत नाही. त्या ओळीखाली पेन्सिलची रेघ होती आणि समासात दादाच्या अक्षरात दोन शब्द: करून पाहिलं.

मी पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं. "तुला माहीत होतं."

त्याने पुस्तक मिटलं. "मला वरून सांगितलं होतं."

"मग स्वतः करायचंस. माझ्या हातून का?"

"त्यांचा तुझ्यावर विश्वास आहे. तुझ्याकडून चूक झाली म्हटलं तर त्या फार ओरडणार नाहीत."

मी त्या आठवड्यात नोकरी सोडली आणि घडलं ते वकिलांना लिहून दिलं. मग कुंभवलीला मावशीच्या घरी गेले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"पण बोटं तुझीच ना?" तिने विचारलं. मी हो म्हणाले. तिने चहा विचारला नाही.

हजेरीपुस्तकं भिजून गेली, असं ठेकेदाराने लिहून दिलं. खटला रेंगाळला. मावशी पुढे शेजारच्या कारखान्यात लागली, दुसऱ्या ठेकेदाराकडे.